आवाज करणारा पंखा

जवळा बाजारच्या जळबाकाकांना गेम खेळायचा कम्प्युटर जोडून हवा होता, तोही कमीत कमी पैशात. करुणा हिंगोलीतल्या आपल्या दुकानात एकेक सामान काढून काउंटरवर ठेवत गेली. प्रोसेसर त्यांनी सगळ्यात हलका घेतला. रॅमही कमीच सांगितली. ग्राफिक्स कार्डाकडे तर पाहिलंसुद्धा नाही.

"काका, कार्डाशिवाय गेम चालणार न्हाई. पोरगं नाराज होईल तुमचं."

"ऱ्हाऊ द्या, ताई. पंखे दाखवा."

पंखे मात्र त्यांनी एकेक करून चालू करायला लावले आणि कान लावून ऐकले. करुणानं भारीतला पंखा काढला. "हा घ्या. जरा बी आवाज करत न्हाई."

"मंग नको."

शेवटी कोपऱ्यातल्या भंगाराच्या खोक्यातून त्यांनी एक जुना पंखा शोधून काढला. तो चालू होताच दुकानभर घरघर सुरू झाली. काका बाहेर गेले, काचेचं दार ओढून घेतलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "हाच द्या. बराबर ऐकू येतोय."

"काका, असा आवाज काहून पाहिजे तुमाला?"

"पोरगं वारून साल झालं. त्याची माय रोज सकाळी त्याचा कम्प्युटर चालू करायची, मंगच पलीकडच्या खोलीत भाकरी थापायला बसायची." काकांनी पंख्यावरची धूळ बाहीनं पुसली. "मागल्या हप्त्यात तो कम्प्युटर जळला. तवा ती पहिल्यांदा रडली."