आईची उलटतपासणी
उद्या आईची आयुष्यातली पहिली मुलाखत होती, वाचनालयातल्या नोकरीसाठी. बाबा गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. ही नोकरी हवीच होती. मुलगा एका कंपनीत नवी माणसं निवडायचा, तेव्हा सराव घेणं त्याच्याच गळ्यात पडलं. आई ठेवणीतली पर्स मांडीवर घट्ट धरून जेवणाच्या टेबलापाशी बसली. "स्वतःबद्दल सांगा," त्याने साहेबी आवाजात फर्मावलं. "माझे मिस्टर बँकेत होते. मुलगा मोठा मॅनेजर आहे, पण वेळेवर जेवत नाही." "आई, मुलाखत माझी नाही, तुझी आहे." "मग तूच सांग ना, जन्मापासून ओळखतोस मला." अनोळखी माणूस पाच मिनिटांत जोखणारा तो खुर्चीत सावरून बसला. "शांत आहे. कष्टाळू. चहा उत्तम..." पुढे गाडी सरकेना. आईलाच त्याची दया आली. "अशा वेळी तुम्ही लोक 'कळवतो' म्हणता ना? तेच म्हण."