तळाची पाटी

एकट्यापुरतं खारवलेलं अर्धं बदक. चिन्ह्वाई नदीवर कंदिलांच्या नावा. चार वर्षं पलीकडून कुणीच न उचललेला फोन.

नानजिंगच्या कन्फ्युशियस मंदिरात मी नवसाच्या जुन्या पाट्या उतरवतो. कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेआधी पोरं त्या लाल दोऱ्याने कठड्याला टांगतात, एकीवर एक. आज कठडा रंगवायचा म्हणून पार तळाचा थरही काढला.

"कू दादा, तुमच्या वेईलानने टांगली होती की नाही?" सोबतच्या मिआओ ताईने चिडवलं. "की बाप इथलाच, म्हणून कन्फ्युशियस गुरुजींकडे वशिला?"

"टांगली असती तर नापास झाली असती का?"

निकालाच्या दिवशी मी पोरीला म्हणालो होतो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती शेनझेनच्या कारखान्यात निघून गेली.

पुढची पाटी उलटली. अक्षर वेईलानचं.

"गुरुजी, मला नापास करा. मी बीजिंगला शिकायला गेले तर बाबा एकटे पडतील."



त्याच वर्षी मार्चमध्ये, तिच्या परीक्षेच्या तीन महिने आधी, तिच्याजवळ राहता यावं म्हणून, तिला न सांगता मी बीजिंगमध्ये झाडूवाल्याची नोकरी पक्की केली होती.