जावईबापू

"निसर्गाच्या लहरीवर जगायचे दिवस संपले. यापुढे निसर्ग विज्ञानाच्या घड्याळावर चालेल!" अशी घोषणा जनावरांच्या डॉक्टरांनी मेंढवाड्यात उभं राहून केली, तेव्हा त्यांचा उजवा बूट लेंड्यांत रुतलेला होता. मेंढ्या पाळणाऱ्या मावशींच्या चाळीसही मेंढ्यांना त्यांनी माजावर आणणाऱ्या औषधाचे स्पंज बसवले, ठरल्या दिवशी काढले आणि वर एकेक इंजेक्शन टोचलं. सगळ्या एकदम माजावर येणार, एकदम गाभण राहणार, कोकरं एकाच आठवड्यात होणार आणि मावशींची महिनोन्‌महिन्यांची जागरणं वाचणार, असा बेत होता.

औषधाने शब्द पाळला. चाळीसच्या चाळीस मेंढ्या एकाच सकाळी माजावर आल्या, आणि तेव्हा कुठे डॉक्टरांच्या लक्षात आलं की कळपात मेंढा एकच आहे. बसून खायचा आणि जरा काही झालं की रुसायचा, म्हणून मावशी त्याला जावईबापू म्हणायच्या.

दुपारी जावईबापू भिंतीला टेकून जे बसले, ते उठेनातच. डॉक्टरांना त्यांच्या नजरेला नजर देववेना.

"चुकलं माझं, मावशी. मेंढ्या मोजल्या, मेंढे मोजलेच नाहीत. आता बहुतेक जणी रिकाम्या राहणार. तुमचं अख्खं वर्ष मी..."

मावशींनी पाण्याची बादली जावईबापूंच्या तोंडापाशी सरकवली.

"जाऊ द्या हो, डॉक्टर. येतील परत माजावर, आपापल्या सवडीनं. पुढच्या वेळी फक्त एवढं करा..."



"जावईबापूंना आदल्या दिवशी जरा कल्पना द्या."