बेचाळीस प्रश्न

“मॅडम, हा एकोणिसावा प्रश्न जरा समजावून सांगता का?”

समोरच्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद तिच्याकडे वळवला. पन्नाशी उलटलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, बोटांच्या टोकांवर वाळलेल्या सोल्यूशनचे पापुद्रे. तिच्या कारखान्यासारख्याच गाद्या बनवणाऱ्या पलीकडच्या कारखान्यात तो फोरमन होता. तिने प्रश्न वाचून दाखवला : फोमचे थर चिकटवायला तुमच्याकडे कोणतं सोल्यूशन वापरतात, आणि कोणत्या प्रमाणात?

“त्यावरून तुमचं कामातलं ज्ञान कळतं आम्हाला,” ती म्हणाली. हे वाक्य आता तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं.

तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग मान खाली घालून, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहू लागला.

नोकरी नव्हतीच. वर्षभर हेच चाललं होतं. ‘अनुभवी माणसं हवीत’ अशी जाहिरात द्यायची कल्पना साहेबांची. बेचाळीस प्रश्न तिचे. पलीकडची माणसं आशेने यायची, विक्रेत्यांना सूट किती, माल परत किती येतो, कोण कुणावर नाराज आहे, सगळं लिहून द्यायची. ती म्हणायची, “कळवू.” साठ-पासष्ट जणांना तिने असं म्हटलं होतं. कळवलं कुणालाच नव्हतं.

घरी आई रोज दारातच विचारायची, “आज कुणाला लागली गं?” लेक लोकांना नोकऱ्या देते, हे आईने शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती “बघू” म्हणायची आणि हातपाय धुवायला जायची. आईला खरं सांगायचं तर नोकरी सोडायला हवी होती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

फोरमनची उत्तरं वाचून साहेब खुर्चीतून उठलेच. “हा माणूस हातचा घालवू नका. जवळजवळ नक्की आहे म्हणून सांगा.”

तिने तसं सांगितलं. फोरमनने विचारलं, “मग तिकडे राजीनामा देऊन टाकू?”

नको म्हणायला एक क्षण पुरला असता. “तुम्हीच ठरवा,” ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी त्याचा फोन आला. “राजीनामा दिला हो मॅडम. घाई नाही काही. तुमच्याकडे कसं चाललंय काम?”

मग तो दर सोमवारी फोन करू लागला. कधी चिडला नाही, कधी आवाज चढवला नाही. त्यानेच तिचा जीव जास्त कासावीस व्हायचा. त्याला द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ती बोलत बसायची. त्याला काका कधी म्हणू लागली, तेही तिला आठवत नव्हतं. नवीन सोल्यूशन सुरू झालंय, काका. दोन महिन्यांनी : माल परत येतोय हो, थर सुटताहेत. मग : गोदामात पाय ठेवायला जागा नाही, तीन मोठे विक्रेते गेले, म्हणून तर भरती अडलीय.

“होईल सगळं ठीक,” तोच तिची समजूत घालायचा.

एकदा धीर करून ती साहेबांकडे गेली. “त्या फोरमनना पॅकिंगमध्ये तरी घ्या, साहेब. आपल्या भरवशावर बसलाय तो माणूस.”

साहेब घड्याळ बघत उठले. हल्ली ते जेवणाच्या सुट्टीनंतर दिसतच नसत. “पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले आणि गेले.

त्या रविवारी सकाळी तिने चपला घातल्या. “कुठे निघालीस?” आईने विचारलं.

“एकाला नोकरीचं कळवायला.”

“लागली ना?” आईचा चेहरा उजळला. ती जिना उतरली.

फोरमनचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यानेच उघडलं. त्याची बायको पाणी देऊन आत गेली. पेला तसाच हातात धरून तिने सांगून टाकलं, “नोकरी नाही, काका. कधीच नव्हती. मी फसवलं तुम्हाला.”

तो समोरच्या खुर्चीत बसला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “त्याच दिवशी कळलं, लिहिता लिहिता. खरंच नोकरीसाठी आलो होतो, मॅडम. फार लागलं मनाला. म्हणून सोल्यूशनचं प्रमाण चुकीचं लिहून दिलं.”

तिने पेला खाली ठेवला. “आणि राजीनामा?”

“दिला नाही. मालकांच्या कानावर सगळं घातलं. तुमच्याकडून निघताना एक कोरी प्रश्नावली उचलून आणली होती, तीही दाखवली. ते म्हणाले, आता हेच काम आपल्याकडे तू कर. फोन त्यासाठीच करत होतो. तुम्ही मोकळेपणाने सांगायचात.” त्याची नजर जमिनीवर होती. “तुम्हाला नावं नाही ठेवत मी. तुम्ही पोटासाठी केलंत, मीही तेच केलं.”

तो उठला आणि कपाटातून एक भरलेली प्रश्नावली घेऊन आला. वर पलीकडच्या कारखान्याचं नाव. खाली तिचेच बेचाळीस प्रश्न, शब्दही न बदलता.

“परवा एक जण भरून गेले. तुम्ही एवढ्या खऱ्या मनाने आलात, म्हणून दाखवतो.”

अक्षर साहेबांचं होतं.

“त्यांनी प्रश्न ओळखले नाहीत?” तिने विचारलं.

“ओळखले. जरासे हसले, आणि पेन मागितलं.”

तिने पानं उलटली. ‘सध्याची नोकरी का सोडू इच्छिता?’ या प्रश्नाखाली साहेबांनी लिहिलं होतं : ‘पहिल्या तारखेपासून कारखाना बंद होत आहे. आमच्या माणसांना अजून सांगितलेलं नाही.’