बोंकेच्या कुशीवरची बोटं

बोंके हा आमचा रंग बदलणारा कॅमेलिऑन सरडा. नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनमधल्या आमच्या घरात त्याला पिंजरा नाही. खिडकीपाशी कुंडीत वाढवलेल्या झाडावर तो मोकळाच राहतो. सकाळी दिव्याखाली ऊब घेताना तो काळा पडतो. अंगावर पानाची सावली असेल, तर तेवढाच आकार हिरवा राहतो.

मंगळवारी त्याच्या काळ्या कुशीवर चार हिरवी बोटं उमटलेली होती.

"येल्मर, दिव्याखाली त्याच्यावर हात धरू नकोस म्हणून कितीदा सांगायचं तुला?" मी नवऱ्यावर ओरडले.

"मी आत्ता उठतोय गं! आणि मला तो हात तरी लावू देतो का?"

तेही खरंच. तीन वर्षं आम्ही दोघं रोज तळहातावर किडा ठेवून त्याच्यापुढे धरतोय. तो एकदाही हातावर चढलेला नाही.

बुधवारी दिवा लावून आम्ही झाडासमोर उभे राहिलो, हात पाठीमागे घेऊन. बोंके काळा झाला. मग त्या काळ्यावर एक फिकट बोट उमटलं. दुसरं. हळूहळू चारही.

"वीत्स्के," येल्मर कुजबुजला, "तुझे हात दाखव."

मी दाखवले. त्यानेही त्याचे दाखवले.

कुशीवरची बोटं विरली. बोंकेने दोन्ही डोळे समोरच्या रिकाम्या हवेवर रोखले, पुढचा पाय फांदीवरून उचलला आणि हवेत टेकवला. मग दुसरा. मग मागचे दोन्ही. शेवटी शेपटीचा वेढाही फांदीवरून सुटला.

तो पडला नाही.