खाटेवरून भांडण

वसतिगृहातून फोन आला की आई धास्तावायची. लेकीला ऐकू येत नव्हतं आणि राग आला की ती चावायची, बोचकारायची. म्हणून तर काळजावर दगड ठेवून तिला कर्णबधिर मुलांच्या मुक्कामाच्या शाळेत घातलं होतं. आई तिला सोडून निघाली तेव्हा लेकीनं वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आज भांडली हो तुमची मुलगी," वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या.

"कोणाला चावली?"

"छे! खुणांच्या भाषेत भांडली, चांगली तावातावानं. खिडकीजवळच्या खाटेवरून."

आईनं फोन कानाशी घट्ट धरला. मग लेकीबद्दल आजवर कोणालाच न विचारलेला प्रश्न तिनं विचारला.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, फाटक इथूनच दिसतं. रविवारी माझी आई येते."