माहेरचा स्ट्यू

विदर्भातल्या सिंदी गावी, सासरी, ओर्लानं आपल्या माहेरचा, आयर्लंडचा पारंपरिक स्ट्यू रांधला. मटण, बटाटे, कांदे आणि मीठ, बस्स. "हे तं आजाऱ्याचं पाणी!" म्हणत मनकर्णाबाईंनी, सून आंघोळीला गेल्यावर, उकळत्या पातेल्यात मूठभर झणझणीत मसाला ढकलला.

जेवणाआधी ओर्ला पहिलं पान वाढायला बसली. लाल रस्सा दिसताच तिचा हात थांबला.

"काऊन वं, आता आली ना चव?" मनकर्णाबाई हसल्या.

"आई, आज तिच्या आईचं वर्षश्राद्ध हाये," मुलगा रजत हळूच म्हणाला. "ते पान त्यांच्यासाठी होतं."

मनकर्णाबाईंना मान वर करवेना.

 

"राहू द्या आई," ओर्लाच म्हणाली. "तिले तिखट सोसत नव्हतं, पण तुमच्या हातचं खायची तिची खूप इच्छा होती."